आधी प्रश्न, मग भाषण

फ्रान्समधली ‘बाकालोरेआ’ ही शालान्त परीक्षा नेपोलियनच्या काळात, १८०८ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला ती तोंडीच असे. २०२१ पासून तिच्यात ‘ग्रां ओराल’ ही मोठी तोंडी परीक्षा आली. विद्यार्थ्याने आपल्या विषयांतले दोन प्रश्न आधीच तयार ठेवायचे, परीक्षकांनी त्यांतला एक निवडायचा आणि २० मिनिटांच्या तयारीनंतर विद्यार्थ्याने बोलायला उभं राहायचं.

तयार ठेवायचे असतात ते प्रश्न, आणि फ्रेंच ‘एक्स्पोझे’चं, म्हणजे औपचारिक सादरीकरणाचं, सगळं गणित त्यावरच बेतलेलं आहे.

समजा, विषय आहे घरून काम. फायदे सांगितले, तोटे सांगितले, शेवटी ‘दोन्ही बाजू महत्त्वाच्या’ म्हणून आभार मानले, तर फ्रेंच श्रोत्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याला आधी ‘प्रोब्लेमातीक’ हवी, म्हणजे सगळं भाषण ज्याचं उत्तर शोधणार आहे तो एकच प्रश्न. घरून काम केल्याने नोकरदार मोकळा होतो, की ऑफिसच त्याच्या घरात शिरतं? असा प्रश्न मांडला की भाग आपोआप पडतात: पहिल्यात वाचलेला प्रवास आणि हातात आलेला वेळ, दुसऱ्यात रात्री दहाला येणारे मेल, आणि फ्रान्समध्ये २०१७ पासून लागू झालेला, कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून दूर राहण्याचा कायदेशीर हक्क. हे भाग प्रस्तावनेतच सांगून टाकायचे. काही राखून ठेवून शेवटी चकित करण्याची हौस इथे महागात पडते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तर दोन भाग आणि प्रत्येकाचे दोन पोटभाग हा साचा पहिल्या वर्षापासून अंगवळणी पाडला जातो.

पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकणाऱ्यांची या पद्धतीशी खरी गाठ पडते ती ‘दाल्फ सी-१’ परीक्षेत. हाती काही लेख येतात, तयारीला एक तास मिळतो, मग ८ ते १० मिनिटं बोलायचं. लेखांचा नुसता गोषवारा चालणार नाही, हे सूचनेत स्पष्ट असतं. तरीही अनेकांचा तास लेखांखाली रेघा ओढण्यातच जातो. वाचलेलं सगळं सांगायची ही सवय आपल्या परीक्षांनीच लावलेली आहे, आणि ती मोडणं क्रियापदांची रूपं घोकण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. ‘दाबोर’, ‘आंस्वित’, ‘आंफँ’ म्हणजे आधी, नंतर, शेवटी हे शब्द पाठ असून भागत नाही; पहिल्या भागातून दुसरा का निघाला, हे एका वाक्यात सांगता यायला हवं.

त्यानंतर १५ ते २० मिनिटांची चर्चा होते. परीक्षक मुद्दाम विरुद्ध बाजू घेतात. लगेच ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणणारा विद्यार्थी नम्र वाटला, तरी गुण गमावतो. ‘वू’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ न सोडता, त्यांच्या मुद्द्यातलं पटेल तेवढं मान्य करून आपलं म्हणणं नव्या उदाहरणासह पुन्हा मांडायचं, एवढीच इथे अपेक्षा असते.