अळिंबीच्या खोलीचा पंखा : निवडावा कसा आणि शांत ठेवावा कसा



ऊस तुटून गेला की रानात पाचट राहते. ते पेटवू नका, सरीत कुजवा, हे आपण सर्व जण जाणतो. याच पाचटाचा थोडा भाग बाजूला काढून, बारीक तुकडे करून, भिजवून आणि गरम पाण्याने निर्जंतुक करून त्यावर धिंगरी अळिंबी चांगली येते. जागा थोडी लागते, पाणी थोडे लागते आणि घरच्या माणसांना घरातच काम मिळते. घरामागची खोली किंवा रिकामा गोठाही या पिकाला पुरतो.

अळिंबीला सावली लागते, ओल लागते, हे सर्वांना ठाऊक असते. मोकळी हवा लागते, हे मात्र उशिरा ध्यानात येते. मग बाजारातून पंखा येतो, भिंतीला ठोकला जातो आणि रात्रभर घोंघावतो. म्हाताऱ्या माणसांना झोप नाही, मुलांचा अभ्यास नाही, शेजारी कुरकुर करतो. शेवटी रात्री दहाला कोणीतरी बटण बंद करतो आणि सकाळी सहाला पुन्हा लावतो. आठ तास खोली कोंडलेली राहते. हे रोज चालले की पिकाचे रूप पालटते : देठ लांबडे आणि टोपी नखाएवढी. असल्या मालाला भाव कोण देणार? तेव्हा पंख्याचा आवाज ही नुसती कानाची तक्रार नाही, पीक हातचे जाण्याचे ते कारण आहे. रात्रीसुद्धा चालू ठेवता येईल तोच पंखा आपल्या कामाचा, हे आधी मनाशी पक्के करावे.

हवा कशासाठी?

अळिंबी ही हिरवी वनस्पती नव्हे. ती आपल्यासारखाच श्वास घेते, म्हणजे प्राणवायू घेते व कर्बवायू सोडते. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे ४२० भाग असतात. भरलेल्या बंद खोलीत तो काही तासांत हजारांच्या घरात जातो. पिशवीत बी पसरत असते त्या पंधरा-वीस दिवसांत याने फारसे बिघडत नाही. पण पिशवी उघडून टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसू लागले की हे प्रमाण १००० भागांच्या आत ठेवावे लागते. पंख्याचा हिशोब या दिवसांसाठी करायचा.

किती हवा लागेल?

खोली १० फूट रुंद, १२ फूट लांब व १० फूट उंच धरू. आतली हवा झाली १२०० घनफूट. फळ धरण्याच्या काळात ही हवा तासाला चार ते आठ वेळा बदलली पाहिजे. चार वेळा म्हणजे तासाला ४८०० घनफूट, अर्थात मिनिटाला ८०. आठ वेळा म्हणजे तासाला ९६००, अर्थात मिनिटाला १६०. आपल्या खोलीची मापे घालून हाच हिशोब करावा.

जास्त हवा म्हणजे जास्त चांगले, असेही नाही. खोलीत ओलावा ८० ते ९० टक्के हवा. उन्हाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते. ती भसाभसा आत घेतली तर अंकुर जागीच सुकतात आणि पाणी फवारून माणूस थकतो. म्हणून पंख्याला वेग कमी-जास्त करण्याची सोय हवीच.

पंखा म्हणजे हवेचा पंप

विहिरीवर मोटार बसवताना आपण नुसते 'किती पाणी ओढते' एवढे विचारत नाही. 'किती हेडवर?' हेही विचारतो. पाणी वर चढवायचे असेल, पाइपलाइन लांब असेल, बेंड जास्त असतील, तर तीच मोटार कमी पाणी देते. पंख्याचे गणित तंतोतंत असेच आहे. नळी, वळणे, माशा अडवणारी जाळी आणि धूळ गाळणारी गाळणी हे सारे हवेचे 'हेड'. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो, म्हणजे पंप विहिरीच्या काठावर ठेवून पाणी लगेच सोडून दिल्यासारखा. दुकानदाराला विचारावे : "अडथळा असताना हा किती हवा देतो? कंपनीचा आलेख दाखवा." आलेख न दाखवणाऱ्याचा माल घेताना दहा वेळा विचार करावा.

आपल्या कारखान्यात बॉयलरला हवा देणारा एफ. डी. पंखा आणि धूर ओढणारा आय. डी. पंखा असतो. तेही याच हिशोबाने, म्हणजे किती हवा आणि किती दाबाविरुद्ध हे पाहून निवडले जातात. आपले काम लहान आहे, पण नियम तोच.

कोणत्या जातीचा पंखा घ्यावा?

स्वयंपाकघरात असतो तो पात्यांचा एक्झॉस्ट पंखा भिंतीच्या भोकातून हवा काढायला ठीक. त्याला नळी आणि जाळी जोडली की तो दमतो. आवाज तेवढाच करतो, हवा मात्र फार थोडी हलते. नळीच्या मधोमध बसणारा इनलाइन पंखा अशा कामासाठीच बनवलेला असतो. त्यात दोन प्रकार आहेत. अपकेंद्री चक्राचा पंखा दाबाला चांगला तग धरतो. मिश्रप्रवाही पंखा मध्यम दाबाला पुरतो आणि जागा कमी घेतो. लहान खोलीला मिश्रप्रवाही पंखा बहुधा पुरेसा होतो. नळी लांब असेल आणि गाळणी जाड असेल तर अपकेंद्री पाहावा.

मोटारीचेही दोन प्रकार आहेत : साधी ए. सी. मोटार आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची ई. सी. मोटार. ई. सी. मोटार महाग पडते, पण हळू चालवली तरी गुणगुणत नाही आणि वीज कमी खाते. साध्या मोटारीला छताच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला की पुष्कळदा 'गूंऽऽ' असा आवाज सुरू होतो. हा आवाज वाऱ्याचा नव्हे, विजेची लाट तुटक मिळाल्याचा असतो. त्या पंख्यासाठी कंपनीने सांगितलेलाच रेग्युलेटर किंवा ऑटोट्रान्सफॉर्मर वापरल्यास तो जातो.

मोठा घ्या, हळू चालवा

साऱ्या लेखाचे सार या चार शब्दांत आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. चक्राला लागणारी शक्ती तर आठव्या हिश्शावर येते. ई. सी. मोटारीत विजेची ही बचत बऱ्याच अंशी पदरात पडते, साध्या मोटारीत कमी पडते.

आता उदाहरण घेऊ. आपल्याला मिनिटाला १६० घनफूट हवा हवी. चार इंची पंखा स्वस्त म्हणून घेतला, तर तो पूर्ण वेगाने किंचाळेल आणि जाळी-नळी जोडल्यावर तरीही कमी पडण्याचा संभव. त्याऐवजी सहा इंची पंखा घेतला आणि आपल्या जोडणीत तो पूर्ण वेगाला २५० घनफूट देतो असे धरले, तर १६० साठी त्याला दोन-तृतीयांशाहून थोड्या कमी वेगाने चालवले की झाले. तेवढ्यानेच आवाज नऊ-दहा डेसिबलने खाली येतो.

नळीचेही तसेच. चार इंची नळीतून १६० घनफूट हवा न्यायची तर ती मिनिटाला सुमारे १८०० फूट वेगाने पळते आणि शीळ घालते. सहा इंचीतून तीच हवा ८०० फुटांच्या वेगाने जाते. घर्षणाचा अडथळा चार इंचीत सातपटीहून अधिक असतो. अडीच इंची पाइपमधून चार इंचीचे पाणी ढकलण्याचा हट्ट आपण रानात करत नाही, मग इथे का करावा?

आवाज येतो कोठून आणि थांबवावा कसा?

एक, थरथर. पंखा पत्र्याला किंवा पातळ फळीला आवळला की सारा पत्रा ढोलासारखा वाजतो. पंखा भक्कम वाशाला किंवा लोखंडी अँगलला टांगावा आणि मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या द्याव्यात. रबर पुढे-मागे तुटते, म्हणून सोबत एक सैल तारेचा फास सुरक्षेसाठी ठेवावा. पंखा व नळी यांच्या मध्ये वीतभर कॅनव्हासचा किंवा रबरी तुकडा जोडला की थरथर नळीत उतरत नाही.

दोन, वाऱ्याची खळबळ. पंख्याच्या तोंडाशीच वळण देऊ नये. सहा इंची नळीला आधी दीड फूट तरी सरळ भाग असावा. लवचीक नळी पूर्ण ताणून बसवावी. सुरकुत्या पडलेली सैल नळी अडथळाही वाढवते आणि आवाजही. काटकोनापेक्षा मोठ्या घेराचे वळण बरे. जाळी नळीच्या तोंडाएवढीच नको. तिप्पट-चौपट क्षेत्रफळाची चौकट करून तीवर जाळी लावावी, म्हणजे हवा सावकाश आत येते.

तीन, नळीच्या तोंडातून बाहेर पडणारा आवाज. यासाठी दोन-तीन फूट लांबीचा सायलेन्सर मिळतो. आत छिद्रांची नळी आणि भोवती काचलोकर असते. प्लायवूडची पेटी करून, आतून रॉकवूल लावून, वर पातळ कापड ताणून घरीही तो करता येतो. आतला हवेचा मार्ग नळीपेक्षा अरुंद होऊ देऊ नये. ध्यानात ठेवावे की आवाज अडवायला वजन लागते आणि शोषायला मऊ, सच्छिद्र वस्तू लागते. अंड्यांचे ट्रे हलके असतात, त्यांनी आवाज अडत नाही. थर्माकोल आवाज शोषत नाही, आगीला मात्र लवकर धरतो. लोकर ओली झाली की निकामी होते आणि तिला बुरशी धरते. म्हणून सायलेन्सर कोरड्या हवेच्या बाजूला बसवावा.

चार, घाण. पात्यांवर एका बाजूला थर बसला की तोल जातो आणि महिन्यापूर्वी शांत असलेला पंखा खडखडू लागतो. दर पंधरवड्याला वीज तोडून पाती ओल्या फडक्याने पुसावीत.

हवा ढकलावी की ओढावी?

लहान खोलीसाठी बाहेरची स्वच्छ हवा गाळून आत ढकलणे इष्ट. पंख्याला ओलसर हवा लागत नाही, मोटार टिकते. आत किंचित दाब राहतो, त्यामुळे फटींतून चिलटे-माशा शिरत नाहीत. आतली हवा समोरच्या भिंतीतल्या जाळीच्या झरोक्यातून आपोआप बाहेर पडते. आत ओढणारे तोंड आणि तो सायलेन्सर शेजाऱ्याच्या खिडकीपासून व आपल्या झोपायच्या खोलीपासून दूर, शक्यतो विटांच्या भिंतीआड असावा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने कमी होतो.

हवा बाहेर पडणारा झरोकाही घराकडे नको. पक्व धिंगरी पांढऱ्या भुकटीसारखे बीजाणू हवेत सोडते. ते रोज छातीत जात राहिले तर खोकला, ताप व दम लागणे असा त्रास जडू शकतो. टोपीच्या कडा वर वळण्याआधी तोडणी करावी आणि खोलीत जाताना नाका-तोंडावर मास्क बांधावा.

कायदा आणि वीज

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण मीटर लावायची वेळ येऊ देऊ नये. शेजारधर्म त्याआधी येतो. पंखा बसवल्यावर रात्री अकराला शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन स्वतःच्या कानाने ऐकावे.

ओल्या खोलीत विजेची हयगय जिवावर बेतते. पंख्याला पक्के अर्थिंग असावे आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवावा. शेतीपंपाची वीज ठरावीक तासच असते, तिच्यावर हे पीक सोडू नये. वीज गेली तर हाताने उघडता येईल अशी जाळीची एक खिडकी ठेवावी.

बसवल्यावर तपासणी

सर्व जोडणी झाल्यावर झरोक्याशी उदबत्ती धरावी. धूर ठामपणे बाहेर गेला पाहिजे. त्यापुढे खरे मोजमाप पीकच देते. देठ लांब आणि टोपी लहान दिसली तर हवा वाढवा. टोपीच्या कडा सुकून तडकल्या तर वेग कमी करा किंवा ओलावा वाढवा. एका वेळी एकच बदल करावा आणि दोन दिवस वाट पाहावी.

पंखा घेताना चारशे-पाचशे रुपये वाचवून रात्री बटण बंद करायची पाळी आली, तर ती बचत पहिल्याच तोडणीत बुडते. आकाराने एक पायरी मोठा पंखा, रुंद व सरळ नळी, रबरावरची टांगणी आणि कोरड्या बाजूला सायलेन्सर एवढे केले तर पीकही श्वास घेईल आणि घरही झोपेल. खरेदीला निघण्यापूर्वी खोलीची लांबी, रुंदी, उंची, नळीची लांबी आणि वळणांची संख्या कागदावर लिहून न्यावी, म्हणजे दुकानात फसगत होणार नाही.