धंदेवाईक गोलंदाजाची शाळा

क्रिकेटच्या इतिहासात ‘धंदेवाईक’ हा शब्द पुष्कळ काळ हलक्या अर्थाने वापरला गेला. इंग्लंडात हौशी व पगारी खेळाडूंची मैदानात उतरण्याची दारेसुद्धा पुष्कळ ठिकाणी वेगळी असत. हा भेद तेथे १९६२ साली अधिकृतपणे संपला. परंतु पगारासाठी नित्य चेंडू टाकावा लागणे ही कमीपणाची गोष्ट नसून ते एक कठोर शिक्षण आहे, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने झहीर खान याची कारकीर्द पाहावी.

नाशिकला लागून असलेल्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे १९७८ साली त्याचा जन्म झाला. अभियांत्रिकीचा विचार बाजूस सारून सतराव्या वर्षी तो मुंबईस आला. तेथून चेन्नईच्या वेगवान गोलंदाजांच्या शाळेत आणि मग बडोद्याच्या संघात गेला. २००० साली हा डावखुरा तरुण भारताकडून खेळू लागला. त्याच मोसमातील रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने दुसऱ्या डावात ४३ धावांत ५ गडी बाद केले आणि बडोद्याने तो सामना २१ धावांनी जिंकला.

मात्र नुसता वेग पुरत नाही. २००३ सालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. पुढे दुखापतींनी त्याला गाठले आणि २००६ साली भारतीय संघातील त्याची जागा गेली.

त्या वर्षी त्याने इंग्लंडातील वूस्टरशायर परगण्याची चाकरी पत्करली. तेथे चार-चार दिवसांचे सामने एकामागून एक येतात; थंडी असो वा दमट हवा, पगारी गोलंदाजाने चेंडू हाती घ्यावयाचाच. झहीरने आपली धाव आखूड केली, श्रम वाचविले आणि चेंडूवरील ताबा वाढविला. नव्या चेंडूची शिवण ज्या बाजूस कललेली असते, त्या बाजूस तो हवेत वळतो. चेंडू जुना झाला, त्याचे एक अंग खरबरीत झाले आणि दुसरे चकचकीत राखले, तर वेगाने टाकल्यावर तो चकचकीत अंगाकडे, म्हणजे उलट वळतो. ते अंग फलंदाजाला दिसू नये म्हणून झहीर धावताना चेंडू दुसऱ्या हाताने झाकी. परगण्यांच्या अजिंक्यपद स्पर्धेत त्या मोसमात त्याने ७८ गडी बाद केले. एसेक्सविरुद्ध तर एकाच डावात नऊ.

त्या वर्षाअखेर तो भारतीय संघात परतला. २००७ साली नॉटिंगहॅम येथे त्याने दोन्ही डावांत मिळून ९ गडी बाद केले. भारताने तो सामना जिंकला आणि १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडात कसोटी मालिका हस्तगत केली. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ गडी टिपले. मुंबईतील अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्या पाच षटकांत केवळ ६ धावा निघाल्या. शेवटच्या षटकांत त्याला मार बसला हे खरे, परंतु २००३ ची ती सुरुवात पुन्हा घडली नाही. २०१५ साली त्याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा ९२ कसोटींत ३११ गडी त्याच्या नावावर होते.

नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावर सरावाला जाणाऱ्या मुलाच्या आईबापांना विश्वचषकाची रात्र आठवते. मुलाला सांगावयाची गोष्ट मात्र २००६ च्या उन्हाळ्याची आहे: जागा गेल्यावर झहीर परमुलखात रोजच्या कामाला लागला, आणि त्या कामानेच त्याला पुन्हा उभे केले.