कॉलेजचे पहिले वर्ष, नवे मित्र आणि आपला धम्म

ओझर आणि आसपासच्या कुकडीकाठच्या गावांतली आपली मुले-मुली दरवर्षी नारायणगाव, जुन्नर, मंचरच्या कॉलेजांत जाऊ लागतात. काही पुण्याच्या वसतिगृहात राहायला जातात. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाकावरचा नवा मित्र विचारतो, "गाव कोणतं?" उत्तर ऐकताच तो म्हणतो, "म्हणजे अष्टविनायकातलं ओझर! मग आम्हाला विघ्नहराच्या दर्शनाला कधी नेतोस?"

प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो. पण बौद्ध घरातला मुलगा क्षणभर गप्प होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गौरी-गणपतीला देव न मानण्याची व त्यांची पूजा न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती त्याने घरी लहानपणापासून ऐकलेली असते. कॉलेज सुरू होऊन दोन-तीन महिने होतात न होतात तोच गणेशोत्सव येतो. वर्गणी, सजावट, आरती! अशा वेळी आपल्या मुलाने काय करावे?

अनेक मुले आडनाव सांगायचे टाळतात. काही आरतीत टाळ्या वाजवतात आणि रात्री मनात कुढत बसतात. काही मित्रांशी बोलणेच सोडतात व खोलीत एकटी पडतात. पहिल्या दोन प्रकारांत स्वाभिमान जातो, तिसऱ्यात मैत्री जाते. पहिल्या वर्षात मुलाला दोन्हींची गरज असते.

तथागतांनी मैत्रीला केवढे स्थान दिले ते पाहा. चांगली मैत्री म्हणजे धम्मजीवनाचा अर्धा भाग आहे, असे आनंद म्हणाला, तेव्हा भगवंतांनी त्याला दुरुस्त केले आणि अर्धा नव्हे, तेच संपूर्ण धम्मजीवन आहे असे सांगितले. सिगालोवाद सुत्तात खऱ्या मित्राची लक्षणे दिली आहेत. तो गुपित राखतो, संकटात सोडून जात नाही, वाईटापासून परावृत्त करतो. या लक्षणांत मित्राचा धर्म वा जात कुठेही विचारलेली नाही.

बाबासाहेबांच्या जीवनातही याचे उदाहरण आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकताना नवल भथेना या पारशी तरुणाशी त्यांची मैत्री जडली. पुढे १९१७ साली बडोद्यात पारशांच्या सराईतून काही पारशांनीच लाठ्या उगारून बाबासाहेबांना बाहेर काढले. तरीही भथेनांशी असलेली मैत्री तुटली नाही. १९२० साली अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा याच मित्राने त्यांना कर्जाऊ पैसे दिले. अपमान करणाऱ्यांचा हिशेब बाबासाहेबांनी मित्राच्या नावावर मांडला नाही.

मग मित्राला सांगायचे कसे? लवकर सांगावे, साध्या शब्दांत सांगावे. "आम्ही बौद्ध आहोत. मी आरतीला हात जोडत नाही, पण तुझ्या घरी जेवायला नक्की येईन." मित्राच्या आईने प्रेमाने वाढलेले जेवण पाहुणा म्हणून खाणे ही पूजा नव्हे, असे आम्हाला वाटते. ज्याला एखादी गोष्ट घ्यायची नसेल त्याने हसून नाही म्हणावे. मित्राच्या देवाची टिंगल मात्र करू नये. हे ऐकून एखादा दूर जाईल, त्याचे दुःखही होईल. पण जो राहील तो आपल्याला ओळखून राहिलेला असेल.

मित्र प्रश्न विचारील, वादही घालील. त्याला घाबरू नये. यवन राजा मिलिंदाने नागसेनांना प्रश्न विचारायचे ठरवले, तेव्हा राजाने राजासारखा नव्हे तर पंडितासारखा वाद करावा, अशी अट नागसेनांनी घातली. पंडित चूक दाखवतात, पण रागावत नाहीत. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली सुरू झालेल्या आपल्या महाविद्यालयाला मिलिंदाचेच नाव आहे, हे मुलांनी विसरू नये.

यवनांची आठवण आपल्या जुन्नर तालुक्यातही आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत, तसेच धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीच्या दानाचाही आहे. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यातले चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे दान आहे. शेजारचे सातवे लेणे मुळात भिक्खूंचा विहार, आज तिथे गिरिजात्मज गणपती आहे. तेव्हा दर्शनाला नेण्याचा हट्ट धरणाऱ्या मित्रांना लेण्याद्रीला अवश्य न्यावे. तीनशेच्या आसपास पायऱ्या सगळ्यांनी मिळून चढाव्यात. ते सातव्या लेण्यात हात जोडतील, आपण सहाव्यातल्या स्तूपापुढे त्रिशरण म्हणावे, आणि मग सर्वांनी एकत्र बसून घरून आणलेली भाकरी सोडावी.

पालकांनाही एक विनंती. मुलाच्या वहीवर मित्राने काढलेला गणपती दिसला की लगेच रागावू नका. त्याच्या मित्रांना घरी बोलवा, बुद्धवंदनेच्या वेळी बसायचे असेल तर बसू द्या. प्रतिज्ञा केवळ पाठ करून घेऊ नका, त्या का घेतल्या ते समजावून सांगा. कारण समजलेल्या मुलाला आपला धम्म लपवावा लागत नाही आणि मित्रही तोडावे लागत नाहीत.