बागेतला वाटा की ठरलेलं व्याज?

केळशीतल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका वहिनींनी विचारलं, "ताई, वाशीहून आंब्याची पट्टी आली. मुंबईचा मुलगा म्हणतो, शेअरच्या फंडात टाक. जाऊबाई म्हणतात, बाँड फंड बरा. ऐकू कुणाचं?" आम्ही त्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगतो.

समजा, हापूसच्या बागेत आपण वाटेकरी झालो. पीक आलं तर चार पैसे जास्त, मोहोर करपला तर हात रिकामे. त्याच बागायतदाराला आपण कर्ज दिलं, तर पीक कितीही येवो, आपल्याला ठरलेलं व्याज. मात्र त्याने हप्ते बुडवले तर नुकसान आपलंच. गटाच्या अंतर्गत कर्जाचं आपण हे रोज बघतो.

निफ्टीचा फंड म्हणजे बागेतला वाटा. त्यात ५० मोठ्या कंपन्या असतात, पण देश एकच. देशावर संकट आलं की बहुतेक सगळ्या एकदम उतरतात. कॉर्पोरेट बाँड फंड म्हणजे कंपन्यांना दिलेलं कर्ज. सेबीच्या नियमाप्रमाणे त्यातली किमान ८० टक्के रक्कम 'डबल ए प्लस' किंवा त्यावरचं मानांकन असलेल्या रोख्यांत ठेवावी लागते.

आता २०२० साल आठवा. जानेवारीत सेन्सेक्स ४२,००० च्या जवळ होता. २३ मार्चला तो २६,००० च्या खाली गेला. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, आपली छपरं उडाली, बागा आडव्या झाल्या. त्या दिवशी सेन्सेक्स ३४,००० च्या आसपास होता. जानेवारीत शेअर फंडात पैसे टाकून जूनमध्ये कौलं-पत्र्यासाठी काढले असते, तर तोटाच झाला असता. जिला थांबता आलं, तिच्यासाठी डिसेंबरअखेर तोच सेन्सेक्स ४७,००० च्या वर होता.

म्हणून बाँड फंड अगदी निर्धोक समजायचा का? नाही. बाजारात व्याजदर वाढले की कमी व्याजाचे जुने रोखे कुणी पूर्ण किमतीला घेत नाही, मग फंडाचा भावही थोडा उतरतो. मानांकनही कायमचं नसतं. आयएल अँड एफएसला सर्वांत वरचं 'ट्रिपल ए' होतं, तरी २०१८ मध्ये तिने हप्ते थकवले. शिवाय बँकेतल्या ठेवीला असलेलं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण या दोन्ही फंडांना नाही.

वहिनींना आम्ही एकच प्रश्न विचारला, "हा पैसा कधी लागणार?" त्यांनी वहीत तीन रकाने आखले. छपराची डागडुजी आणि अडीअडचण : बँकेत. तीन वर्षांनी मुलीची कॉलेजची फी : ठेव किंवा बाँड फंड. म्हातारपणासाठी, सात-दहा वर्षं हात न लावायचा पैसा : त्यातलाच थोडा शेअर फंडात, तोही दरमहा.

मैत्रिणींनो, मुलाचं ऐका, जाऊबाईंचंही ऐका. पण आधी आपल्या वहीत तारीख लिहा.