रिपोर्ट दोघांचा, निर्णयही दोघांचाच

विशी ओलांडली की 'मग, लग्न कधी?' हा प्रश्न कुणालाच चुकत नाही. पण तुम्ही थॅलेसेमियासोबत वाढला असाल, तर घरातली कुजबुज वेगळी असते. 'हिचं लग्न होईल का?' आणि त्याहून हळू आवाजात, 'झालं तरी मूल होऊ द्यावं का?' गंमत म्हणजे हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारत नाही. तुम्ही शेजारच्या खोलीत असता आणि उत्तर परस्पर ठरतं.

विषय आपल्या अगदी शेजारचा आहे. पिंपळे सौदागरमधून पवनेवरचा पूल ओलांडला की पिंपरी. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या कॅम्पात वसली. आज आपल्या सोसायट्यांमध्येही सिंधी घरं आहेत. या समाजात बीटा थॅलेसेमियाचे वाहक सरासरीपेक्षा जास्त आढळतात. पण 'मग आपला काय संबंध?' म्हणून पान उलटू नका. पंजाबी, गुजराती, बंगाली, इतकंच काय, कोळी आणि सारस्वत समाजातही हे प्रमाण जास्त दिसलं आहे. देशात सरासरी १०० पैकी ३ ते ४ जण वाहक आहेत. म्हणजे ६० जणांच्या वर्गात साधारण दोघं. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

कारण वाहक, म्हणजे 'थॅलेसेमिया मायनर' असलेली व्यक्ती आजारी नसते. ती ट्रेकला जाते, ढोल वाजवते, परीक्षा देते. फार तर हिमोग्लोबिन जरा कमी येतं आणि डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात. गोळ्या खाऊनही आकडा हलत नसेल, तर एकदा ही शंका विचारून बघा.

'मेजर'चं तसं नाही. जन्मानंतर काही महिन्यांतच आजार दिसू लागतो. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं. त्या रक्तातून शरीरात लोह साठतं, ते बाहेर काढायला रोज औषधं घ्यायची. हे आयुष्यभर.

आता गणित. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि यातलं काहीच नसण्याची २५ टक्के. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा. पहिलं बाळ आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही. नाणं दरवेळी नव्याने उडतं.

आणि जिला स्वतःलाच मेजर आहे तिचं काय? इथे अनेक जण चकित होतात. तिचा जोडीदार वाहक नसेल, तर तिची सगळी मुलं वाहक होतील, पण मेजर एकालाही होणार नाही. जोडीदार वाहक असेल, तर मात्र प्रत्येक वेळी मेजरची शक्यता ५० टक्के. म्हणजे जिच्याकडे सगळे बोट दाखवतात, तिच्या रिपोर्टवरून प्रश्न सुटतच नाही. तो सुटतो समोरच्या ठणठणीत माणसाच्या रिपोर्टवरून, आणि तो रिपोर्ट सहसा कुणी मागत नाही.

तिच्यासाठी गरोदरपण सोपं नसतं, हेही खरं. साठलेल्या लोहाचा हृदयावर, यकृतावर, हार्मोन्सवर परिणाम होतो. म्हणून आधी हृदयाची तपासणी हवी. काही औषधं थांबवावी लागतात आणि रक्तविकारतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांची देखरेख लागते. पण नीट उपचार घेणाऱ्या अनेक स्त्रिया आई झाल्या आहेत. 'शक्यच नाही' हे शेजारच्या काकूंचं मत झालं, वैद्यकशास्त्राचं नाही.

दोघंही वाहक निघाले तरी रस्ते बंद होत नाहीत. गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा छोटा नमुना घेऊन बाळाची जनुकीय तपासणी करता येते. लिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानेच अशा आजारांसाठी, नोंदणीकृत केंद्रात, ही तपासणी करायला परवानगी दिली आहे. मुंबईत परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था या क्षेत्रात काम करते. आयव्हीएफ करून आधी भ्रूण तपासता येतो, पण ते महाग आहे. दत्तक घेता येतं. मूल नको, असंही ठरवता येतं. आणि सगळं माहीत असूनही एखादं जोडपं 'जे बाळ येईल ते आमचं' म्हणू शकतं.

हा शेवटचा पर्याय ऐकून दचकलात? मग दुसऱ्या बाजूने बघा. ८ मे, जागतिक थॅलेसेमिया दिन. 'थॅलेसेमियामुक्त भारत' असं पोस्टर भिंतीवर आहे आणि समोरच्या खाटेवर हाताला सुई लावून तुमच्याच वयाची मुलगी बसली आहे. तिला त्यात काय वाचायला मिळेल? 'तुझ्यासारखी पुन्हा जन्मू नये,' एवढंच. तपासणी वाढली पाहिजे यात वाद नाही. पण आजार टाळणं आणि आजारी माणसाला टाळणं यात फरक आहे. थॅलेसेमियाचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे तो तिला सवलत, शिक्षण आणि सन्मान मिळावा म्हणून. तिच्या आयुष्याचे निर्णय बाकीच्यांनी घ्यावेत म्हणून नव्हे.

सायप्रसमध्ये हे फार शहाणपणाने हाताळलं गेलं. तिथे थॅलेसेमियाचे वाहक प्रचंड. १९८० च्या दशकात तिथल्या चर्चने लग्नाआधी तपासणीचं प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. पण त्या प्रमाणपत्रावर 'तपासणी आणि समुपदेशन झालं' एवढंच लिहिलेलं असतं. निकाल त्या दोघांनाच कळतो. वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्नही मोडलं नाही. तरी मेजर असलेल्या बाळांचे जन्म जवळजवळ थांबले.

आपल्याकडे आणखी एक पदर आहे. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या कंपन्यांत विदर्भ, नंदुरबारकडचे तरुण येतात. त्या भागांत सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. त्यासाठी केंद्राने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. एक जण सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, अशी जोडी जमली तरी बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे 'आमचं इंटरकास्ट आहे, आम्हाला धोका नाही' हे दरवेळी खरं नसतं.

मग करायचं काय? आधी साधी सीबीसी. त्यात लाल पेशी आकाराने लहान दिसल्या किंवा घरात कुणाला हा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारून एचपीएलसी करा. त्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्हींचा अंदाज येतो. ही तपासणी साधारणपणे आयुष्यात एकदाच करावी लागते. साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा आत्ताच, कॉलेजात असताना केलेली बरी. तेव्हा निकालावर कुणाचं लग्न टांगलेलं नसतं.

रिपोर्ट 'मायनर' आला, तर नात्यात आहात त्या व्यक्तीला तो स्वतः सांगा आणि तिलाही तपासणी करायला सांगा. मित्राचा किंवा मैत्रिणीचा तसा आला, तर तो वर्गाच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका. आणि घरात कुणाबद्दल 'मूल होऊ द्यावं का?' अशी कुजबुज सुरू झाली, तर एवढंच म्हणा, 'ती शेजारच्या खोलीतच आहे. तिला बोलवूया का?'