आशा मतपेटीतली, खर्च वहीतला

घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ रोजी, आमच्या घरातली दोन वडीलधारी माणसे आबिड्सवरच्या एका दुकानात एकाच एसीपुढे उभी होती. त्याच दिवसापासून एसीवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता. मूळ किंमत ३०,००० रुपये, म्हणजे आदल्या दिवशीचा ३८,४०० चा नग आता ३५,४०० ला पडत होता. हिशेब एवढाच; पण थोरल्या भाऊजींना त्यात सुबत्तेची नांदी ऐकू आली आणि आमच्या यजमानांना मंदीची चाहूल लागली. "माल खपत नाही म्हणून तर कर उतरवला," असे त्यांचे म्हणणे. भाऊजी भाजपचे जुने अभिमानी, यजमान तितकेच जुने विरोधक. दुकानातला मुलगा बिचारा दोघांच्याही बोलण्याला मान डोलवीत होता. त्याला सण साधायचा होता.

आबिड्स हे नावच मुळी एका दुकानावरून पडलेले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिद यांच्या दुकानावरून. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, २०१४ मध्ये राज्य पुन्हा विभागले गेले. दुकानांच्या फळ्या मात्र रोज सकाळी उघडतच राहिल्या. राजकारणाने माणसाची आशा बदलते हे खरे, पण त्याची पिशवीही बदलते का?

आमच्या घरी एक उंबरठा आणि दोन चुली आहेत, त्यामुळे जमाखर्चाच्या वह्याही दोन. एका दुपारी जाऊबाईंनी आणि मी २०१४ पासूनच्या वह्या शेजारी शेजारी मांडल्या. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही निकालांनंतर दोन्ही दिवाणखान्यांत किती भाकिते झाली असतील! वह्यांत त्यांचा मागमूस नाही. किराणा, औषधे, शाळेची फी, दिवाळीचे कपडे दोन्हीकडे हातात हात घालून चढले आहेत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर रांगेत उभे राहणे भाऊजींना तपश्चर्या वाटली आणि यजमानांना शिक्षा; पण त्या महिन्यात भाजीचा खर्च दोघांच्याही घरी सारखाच आखडला. हाती सुटे पैसेच नव्हते!

हे आमच्याच घरचे वैशिष्ट्य असावे असे मला वाटे. पुढे वाचनात आले की अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ, जॉर्ज काटोना यांच्या पुढाकाराने १९४६ पासून, ग्राहकांच्या मनाची अशी पाहणी करीत आले आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये तेथे राष्ट्राध्यक्ष बदलण्याचे ठरताच एका पक्षाचे अनुयायी रातोरात आशावादी झाले आणि दुसऱ्याचे हताश. २०२० मध्ये पारडे नेमके उलटले आणि २०२४ मध्ये पुन्हा फिरले. माणसे तीच, पगार तेच. या उलथापालथीचा खर्चावर काय परिणाम होतो, याविषयी विद्वानांत एकमत नाही. येल विद्यापीठाचे गर्बर आणि ह्यूबर यांना २००९ मध्ये खर्चातही पक्षाचा रंग दिसला. आतिफ मियाँ, अमीर सूफी आणि नसीम खोशखू यांनी मोटारींची खरेदी व क्रेडिट कार्डांवरील खर्च तपासला, तेव्हा बोलण्यातला फरक खरेदीत उतरलेला आढळला नाही. आमच्या वह्यांचा कौल या तिघांच्या बाजूचा आहे.

आपल्याकडे रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी अशीच पाहणी करते आणि तीत हैदराबादही असते. एकूण परिस्थिती, रोजगार, महागाई, स्वतःचे उत्पन्न आणि खर्च यांविषयी प्रश्न असतात. पक्ष विचारीत नाहीत. आशा आणि निराशा समसमान असली की आकडा १०० येतो. मे २०२१ मध्ये, महामारीच्या ऐन भरात, सद्यःस्थितीचा आकडा ४८.५ पर्यंत घसरला होता. पुढच्या वर्षाविषयीचा आकडा मात्र बहुधा वरचढच असतो. आज वाईट, उद्या बरे, हा आपला जुनाच स्वभाव.

त्यातून हैदराबादकराला आशानिराशेसाठी दोन सरकारे मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणात काँग्रेसचे सरकार आले आणि ९ तारखेपासून महिलांना एस. टी. बसचा प्रवास मोफत झाला. भाऊजींच्या मते या योजनेने राज्याचे दिवाळे निघणार. आणि जाऊबाई शून्य रकमेचे तिकीट पर्समध्ये जपून कोटीला भाजी आणायला जातात.

इथवर सारे हसण्यावारी नेता येते. पण वहीत न मावणारे दोन खर्च आमच्या घराने केले, किंवा केले नाहीत. ३० जुलै २०१३ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वेगळ्या तेलंगणाचा ठराव केला, तेव्हा मियापूरच्या एका सदनिकेसाठी आमची इसाऱ्याची रक्कम तयार होती. यजमान संयुक्त आंध्राच्या पक्षाचे. राज्य फुटले की शहर ओस पडणार, भाव कोसळणार, अशी त्यांची खात्री! आम्ही थांबलो. भाव चढत गेले, नोव्हेंबर २०१७ मध्ये मियापूरहून मेट्रो धावू लागली, आणि ती सदनिका आमच्या आवाक्याबाहेर गेली ती कायमची. मुलाने लग्नानंतर भाड्याच्या घरात संसार मांडला. तो कधी बोलून दाखवीत नाही, तेच मला अधिक लागते.

भाऊजींचे उलटे झाले. मे २०१९ च्या निकालाच्या आनंदात, आता व्यापाराला तोटा नाही म्हणून, त्यांनी कर्ज काढून स्टेशनरीच्या दुकानाला दुसरा गाळा जोडला. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी आली. शाळा बंद, वह्या कोण घेणार? हप्ता मात्र दर महिन्याला येई. जाऊबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या त्या सुटायला तीन वर्षे लागली. महामारी कोणाला दिसत होती, असे भाऊजी म्हणतात, आणि ते खरेच आहे. पण त्यांनी दुकानाची विक्री पाहून कर्ज काढले नव्हते, दूरदर्शनवरचा निकाल पाहून काढले होते. मोटारी आणि कार्डांचा हिशेब करणाऱ्या विद्वानांच्या जाळ्यात आयुष्यात एकदाच होणारे असे व्यवहार सापडत असतील का, याची मला शंका आहे.

म्हणूनच त्या दिवशी दुकानात वाद रंगला असताना जाऊबाई मध्येच म्हणाल्या, "आईंच्या खोलीत उन्हाळ्यात बसवत नाही. हप्ते नकोत. निम्मे तुम्ही द्या, निम्मे आम्ही." दोघे भाऊ गप्प झाले. परतताना ते दोघे रिक्षाने गेले आणि आम्ही दोघी बसने. रात्री वही काढून मी लिहिले : एसी, निम्मा वाटा, १७,७०० रुपये. जाऊबाईंच्या वहीतही तोच आकडा आहे.