अक्षरओळख झाली, गोष्ट कुठे आहे?

नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी मराठीत जोडाक्षरविरहित पुस्तके निघतात. हेतू चांगला असला, तरी ‘गोष्ट’, ‘पुस्तक’, ‘रस्ता’, ‘तुम्ही’ हे रोजचे शब्दच त्यामुळे बाद होतात आणि घरात कोणीच बोलत नाही अशी कृत्रिम भाषा उरते.

मोजके शब्द हा मात्र दोष नव्हे. अमेरिकेत १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. स्यूस यांच्या ‘द कॅट इन द हॅट’मध्ये अवघे २३६ वेगवेगळे शब्द आहेत, तरीही पुढे काय होणार, ही उत्सुकता पानोपानी टिकते.

पालकांनी पुस्तक घेण्यापूर्वी मोठ्याने वाचून पाहावे. वाक्ये बोलण्यासारखी वाटतात का? चित्रे कथेत भर घालतात का? तसे नसेल, तर मूल अक्षरे जुळवील. वाचनाची गोडी त्याला लागणार नाही.